शॅकल्टनचा १९१६ चा प्रवास त्याच साधनांनी करायचा असेल तर

सहा जणांच्या एका गटाने विचारलंय: आम्ही सगळे हिमालयात मुरलेले आहोत. अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी शॅकल्टन याने १९१६ साली अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरून साउथ जॉर्जिया बेटाला केलेला प्रवास आम्हाला तशीच होडी, तसेच कपडे, तसाच स्टोव्ह आणि सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांचा क्षितिजापासूनचा कोन मोजायचं साधन) घेऊन करायचा आहे. काय काय जमवावं लागेल, आणि आम्हाला झेपेल का?

झेपण्याचं आधी सांगतो. हा प्रवास नंतरच्या लोकांनी केलेला आहे. टिम जार्विस आणि त्याच्या पाच साथीदारांनी २०१३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मूळ होडीची प्रतिकृती घेऊन, गॅबर्डीन आणि लोकर अंगावर चढवून, १२ दिवसांत समुद्र पार केला. तेव्हा अशक्य नाही. मात्र तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेली यादी वाचून काळजी वाटली. रेनडिअरच्या कातड्याच्या पिशव्या, जुने बूट, प्रायमस, किल्लीचं घड्याळ, सगळं ‘मिळवायचं’ आहे. त्यातली एकही वस्तू वापरायला शिकण्यासाठी वेळ राखलेला दिसत नाही. आजचं साधन विकत घेतलं की बरंचसं काम झालेलं असतं. १९१६ चं साधन विकत घेतलं की काम सुरू होतं. ते तासातासाला काहीतरी मागतं: पुसा, वाळवा, खरवडा, तेल द्या, पिन मारा, पाणी उपसा. शॅकल्टनच्या माणसांचे हात या कामात वर्षानुवर्षं बसलेले होते. तुमचे अजून बसायचे आहेत, आणि माझ्या मते तुमची निम्मी तयारी तीच असायला हवी.

मी व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी म्हणून लागलो तेव्हा जीपीएस नव्हतं. पुढे मोहिमांच्या जहाजांवरून दक्षिणी महासागर पाहिला, आणि निवृत्तीनंतर जुन्या पद्धतीने शिडाची होडी हाकू पाहणाऱ्यांना शिकवतो. त्यामुळे समुद्राबद्दल जास्त बोलेन, डोंगराबद्दल कमी. डोंगर तुम्हाला माझ्यापेक्षा बरा कळतो.

मूळ हकिकत थोडक्यात. ‘एन्ड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं, चिरडलं गेलं आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडालं. २८ माणसं आधी बर्फावर राहिली आणि मग तीन होड्यांतून एप्रिल १९१६ मध्ये एलिफंट बेटावर पोचली. त्या बेटाकडे कुणी फिरकणारं नव्हतं. २४ एप्रिलला शॅकल्टन, जहाजाचा कप्तान वर्स्ली, क्रीन, सुतार मॅक्निश, मॅकार्थी आणि व्हिन्सेंट ‘जेम्स केअर्ड’ ही साडेबावीस फुटांची होडी घेऊन निघाले. सुमारे ८०० सागरी मैल, म्हणजे जवळपास १,५०० किलोमीटर कापून १० मे रोजी ते साउथ जॉर्जियाच्या किंग हाकॉन उपसागरात उतरले. माणसांची वस्ती मात्र बेटाच्या दुसऱ्या बाजूला. म्हणून शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन डोंगर ओलांडून ३६ तासांत स्ट्रोमनेसच्या देवमासे पकडणाऱ्यांच्या तळावर गेले. एलिफंट बेटावर राहिलेले २२ जण ३० ऑगस्टला सुटले, सगळे जिवंत.

आता थंडी. तुमचा लडाखचा अनुभव इथे अर्धाच कामाचा आहे, आणि थोडा फसवाही. उणे २५ ला अंगावर पडलेला बर्फ झटकला की गेला, कारण तिथली थंडी कोरडी. या होडीत तापमान शून्याच्या आसपास, समुद्राचं पाणी त्याहून जेमतेम गरम, आणि लाट अंगावरून जाते ती दिवसातून असंख्य वेळा. गॅबर्डीन म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड. वारा ते उत्तम अडवतं, पाणी नाही. शॅकल्टनच्या लोकांकडे होडीत मेणकापडाचे कपडेच नव्हते. आतली लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा ओल शोषते तरी हाताला ओली लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण समुद्राच्या पाण्यात एकदा भिजली की मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि ती पुरती वाळतच नाही. मग मांड्या, मनगटं, गुडघे घासून खाऱ्या पाण्याचे फोड येतात. मूळ प्रवासात सगळ्यांना आले, तुम्हालाही येतील. तेव्हा ‘किती उणे तापमानाला चालेल’ हा तुमचा यादीतला रकाना खोडून टाका. त्या जागी लिहा, ‘ओलं झाल्यावर याचं काय करायचं’.

पायांचं वेगळं सांगतो, कारण २०१३ च्या प्रवासातही काही जण तिथेच अडले. याला ट्रेंच फूट म्हणतात. बोटं गोठत नाहीत, फक्त तासन् तास थंड आणि ओली राहतात, आणि तेवढ्याने नसा-रक्तवाहिन्या बिघडतात. आधी पाय पांढरट आणि बधिर होतो. हिमालयातला माणूस म्हणतो, बर्फाने काळा पडला नाही म्हणजे ठीक आहे. मग ऊब मिळाली की तोच पाय लाल होऊन सुजतो आणि आग होते, जोड्यात शिरत नाही. चोळायचा नाही, स्टोव्हजवळ धरायचा नाही. कोरडा करून, सावकाश ऊब देऊन, उंच ठेवायचा. उपाय खरा तर आधीचा आहे: प्रत्येक पहाऱ्याच्या शेवटी बूट काढायचे, पाय पुसायचे, जोडीदाराने पाहायचे, कोरडे मोजे पोटाशी ठेवलेले असतील तर चढवायचे. थकलेल्या माणसाला याचा भयंकर कंटाळा येतो. म्हणून हा नियम नाखव्याने लावायचा, ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडायचा नाही. आणि तुमच्या यादीतले फिनेस्को, म्हणजे रेनडिअरच्या कातड्याचे गवत भरून घालायचे मऊ बूट, ते घरीच ठेवा. कोरड्या बर्फावर त्यांच्यासारखं काही नाही. भिजलेल्या होडीत ते पायाला बांधलेलं ओलं फडकं ठरतात.

कातड्याच्या झोपायच्या पिशव्यांबद्दलही तेच. केअर्डवर त्यांचे केस गळून जेवणात गेले आणि पंपात अडकले. शेवटी होडीवर बर्फ साचून ती जड व्हायला लागली तेव्हा दोन पिशव्या समुद्रात फेकाव्या लागल्या. १९११ च्या हिवाळ्यात स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेतले तिघे केप क्रोझियरला गेले, तेव्हा त्यांच्यातल्या चेरी-गॅरार्डची १८ पौंडांची पिशवी परत येईपर्यंत ४५ पौंडांची झाली होती. वाढलेलं सगळं वजन बर्फाचं, आणि तो बर्फ त्याच्याच घामा-श्वासाचा. अस्सलपणासाठी सहा पिशव्या न्यायच्या असतील तर न्या, पण रोज सकाळी त्या कोण आणि कशा पिळणार ते ठरवून न्या.

प्रायमसवर जरा रेंगाळतो, कारण इथे तुमच्या आज्या तुमच्यापेक्षा सरस आहेत. वाटीत स्पिरिट ओतून बर्नर तापवायचा, तो पुरता तापल्यावर पंप मारायचा, म्हणजे रॉकेल वाफ होऊन निळ्या ज्योतीने जळतं. घाई केली तर पिवळी ज्योत, काजळी, आणि काजळीने भोक बुजलं की पिन. हे कोरड्या ओट्यावर. आता हेच चार फूटही उंची नसलेल्या ओल्या डेकखाली, होडी दोन्ही अंगांवर लोळत असताना करायचं. केअर्डवर स्वयंपाक क्रीनकडे होता. दोघे समोरासमोर बसून पायांमध्ये स्टोव्ह दाबून धरत, आणि होडी कलली की भांडं उचलून घेत, ती सरळ झाली की परत ठेवत. दिवसा दर चार तासांनी गरम खाणं आणि रात्री गरम दूध, हा शॅकल्टनचा नियम होता, आणि माझ्या मते त्या प्रवासातला सर्वांत शहाणा निर्णय तोच.

सराव असा करा. पंपातलं चामड्याचं वॉशर काढून तेलात मुरवा. सुकलं की ते हवा धरत नाही, पंप नुसता वरखाली होतो आणि टाकीत दाब येत नाही. पिना प्रत्येकाच्या खिशात हव्यात, मेण लावलेल्या डबीत, कारण गंजलेली पिन भोकात तुटली की तो बर्नर संपला. मग किनाऱ्याजवळ नांगरलेल्या छोट्या होडीत, ताडपत्रीखाली, ओल्या लोकरी हातमोज्यांनी स्टोव्ह पेटवून सहा जणांचं खाणं करा. सहाही जणांना ते जमेपर्यंत पुढचं काही विकत घेऊ नका. फट मात्र उघडी ठेवा. बंद जागेत जळत्या स्टोव्हचा कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. खाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चरबी, ओटचं पीठ, मांसाची भुकटी आणि साखर यांचं घट्ट मिश्रण पाण्यात उकळायचं. चव वाईट नाही. बेत शाकाहारी करणार असाल तर तुपाने भागेल, फक्त त्याला १९१६ म्हणू नका.

होडी. मूळ केअर्ड लंडनच्या डलविच कॉलेजात जपून ठेवलेली आहे, तेव्हा मापांचा प्रश्न नाही. फळ्या बाल्टिक पाइनच्या, कणा एल्मचा, पुढचा-मागचा खांब ओकचा. प्रश्न असा, की कोणत्या तारखेची केअर्ड बांधायची? लंडनहून निघाली ती उघडी होडी होती. २४ एप्रिलला निघाली ती मॅक्निशची होती: काठ उंच केलेले, दुसऱ्या होडीची डोलकाठी आतून कण्याला बांधलेली, घसरगाड्यांच्या पट्ट्या आणि खोक्यांची झाकणं आडवी टाकून वर कॅनव्हास शिवून केलेलं डेक. फटींत दिव्याची वात, चित्रकार मार्स्टनचे तैलरंग आणि सीलचं रक्त. हे डेक तुम्ही स्वतः शिवा, विकत आणू नका. गोठलेला कॅनव्हास सुईने टोचताना कळतं की पाणी नेमकं कुठून आत येणार आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लाकडी होड्यांच्या फटींत कापसाची वळी ठासून वर तेल-राळेचा थर देणारे सुतार कमी झालेत, पण आहेत. त्यांच्याजवळ एक मोसम बसा.

तळाला निरम, म्हणजे होडी उलटू नये म्हणून भरायचं वजन, शॅकल्टनने सुमारे १,००० पौंड घेतलं. घोंगड्यांच्या पिशव्यांत वाळू भरून, वर गोल धोंडे. वर्स्लीला ते जास्त वाटत होतं. झोपायचं त्याच धोंड्यांवर, आणि पंप साफ करायचा तर तेच धोंडे ओणव्याने सरकवायचे. पंप मोहिमेचा छायाचित्रकार हर्ली याने जहाजाच्या होकायंत्राच्या नळीपासून केलेला होता. एकाने तो थंड पाण्यात उघड्या हातांनी तळाशी दाबून धरायचा आणि दुसऱ्याने मारायचा. हाच पंप बनवा असं मी म्हणेन, कारण तीन जणांचा पहारा कसा संपतो ते त्यातच आहे. पण त्याच्या शेजारी आधुनिक हातपंप पक्का बसवा.

सेक्स्टंट. तुमच्यापैकी दोघांनी ऑनलाइन वर्ग केलाय म्हणता. गणित त्यातून येतं, निरीक्षण येत नाही. वर्स्लीला पूर्ण प्रवासात सूर्य फक्त चार वेळा घेता आला. दोघे त्याला धरून उभे, होडी लाटेच्या माथ्यावर चढली की क्षितिज दिसणार, तेवढ्यात ढगातून डोकावणाऱ्या सूर्याची कड क्षितिजाला टेकवायची आणि ओरडायचं. खाली कोणीतरी घड्याळातली वेळ टिपायची. यात चूक कुठून येते ते पाहा. पाण्यापासून दोन मीटरवर डोळा असेल तर क्षितिजाची दुरुस्ती अडीच मिनिटं (कोनाची), सहा मीटरच्या लाटेवर चढलात की तीच पाच मिनिटं. लाटेची उंची हुकली की तेवढ्यानेच अक्षांश दोन-अडीच सागरी मैल हुकला. रेखांशाचं गणित घड्याळावर. चार सेकंदांची चूक म्हणजे एक मिनिट रेखांश, साउथ जॉर्जियाच्या अक्षांशावर साधारण १.१ किलोमीटर. घड्याळ एक मिनिट चुकलं तर सोळा-सतरा किलोमीटर. जहाजावरच्या २४ क्रोनोमीटरपैकी (समुद्रावरची अचूक घड्याळं) नीट चालणारा एकच उरला होता, आणि वर्स्ली तो गळ्यात, कपड्यांच्या आत ठेवायचा. तुम्हीही तसंच करा. तापमान बदललं की घड्याळाची चाल बदलते, आणि अंगाची ऊब हेच तिथलं सर्वांत स्थिर तापमान. आत्तापासून रोज एकाच वेळी आकाशवाणीच्या वेळेशी ते ताडून वहीत लिहा. घड्याळ मागेपुढे होतं याने बिघडत नाही. रोज किती होतं ते माहीत हवं. पंचांगाची आणि कोष्टकांची पानं भिजून चिकटतील, वर्स्लीचीही चिकटली होती. दोन प्रती न्या.

शेवटी वर्स्लीने शॅकल्टनला सांगितलं की दहा मैलांच्या आत जागा सांगता येणार नाही. म्हणून त्यांनी बेटाच्या टोकाला वळसा घालून वस्तीकडे जायचा मोह टाळला आणि निर्मनुष्य पश्चिम किनारा धरला. बेट हुकलं असतं तर त्या वाऱ्यांविरुद्ध परत फिरता आलं नसतं. तुमच्या नकाशावर मात्र रेघ थेट उत्तर टोकाकडे काढलेली आहे. ती बदला.

मोसमाबद्दल स्वतःशी प्रामाणिक राहा. ते गेले एप्रिल-मेमध्ये. आज कोणी जातं ते जानेवारी-फेब्रुवारीत. १० मे रोजी साउथ जॉर्जियाजवळ दुपारचा सूर्य क्षितिजावर १८-१९ अंशच असतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला ५३ अंश. दिवस जवळजवळ दुप्पट मोठा. जानेवारीत जा, तेच योग्य आहे, पण नंतर ‘हुबेहूब’ हा शब्द वापरू नका.

हे सगळं करून तपासायचं काय, ते अजून तुमच्या पत्रात नाही. जार्विसनेच २००६-०७ मध्ये डग्लस मॉसनचा अंटार्क्टिकातला १९१२-१३ चा प्रवास जुन्या साधनांनी आणि तशाच अपुऱ्या शिध्यावर केला. मॉसनचा साथीदार निनिस घळीत पडून गेला, त्याच्यासोबत बहुतेक अन्न आणि तंबूही गेला, पुढे दुसरा साथीदार मर्ट्झ वारला, आणि मॉसन एकटा तळावर परतला. एवढ्याशा शिध्यावर माणूस तिथपर्यंत पोचू शकतो का, हा तिथे नेमका प्रश्न होता, म्हणून उपासालाही अर्थ होता. कुत्री मात्र नव्हती. अंटार्क्टिकात १९९४ पासून कुत्रे न्यायला बंदीच आहे. तुम्हीही एखादाच प्रश्न धरा. चार सूर्यांवर बेट सापडतं का? किंवा मॅक्निशचं डेक दहा दिवस टिकतं का? मग त्या प्रश्नाशी संबंध असलेलं सगळं काटेकोर जुनं ठेवा, आणि बाकीच्या ठिकाणी सवलत घ्यायला लाजू नका.

सवलतींत पहिली, मोहोरबंद पेटी. सॅटेलाइट फोन, ठावठिकाणा सांगणारा ट्रॅकर, जीपीएस, तरंगते सूट, जीवरक्षक तराफा, औषधं. उघडली की प्रयोग संपला, एवढाच दंड. याचं आपल्या जवळचं उदाहरण आहे. एकट्याने होडीतून जगप्रदक्षिणा करायच्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत १९६८ च्या काळातलीच साधनं वापरायची होती. अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही गोव्यात बांधलेली होडी, १९६८ ची शर्यत जिंकणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनच्या ‘सुहेली’ची प्रतिकृती, आणि मूळ ‘सुहेली’ही मुंबईत सागवानात बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळात होडी उलटून डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. त्यांनी संदेश पाठवला तो उपग्रहाच्या यंत्रावरून, आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. शर्यत जुन्या साधनांची असूनही संयोजकांनी हे यंत्र नाकारलं नव्हतं. तुमच्या मागे एक सोबतीचं जहाजही लागेल. २०१३ मध्येही होतं. त्यामुळे थरार कमी होतो, हे मान्य. होऊ दे.

परवानग्यांना वर्ष-दीड वर्ष धरा. एलिफंट बेट ६१ अंश दक्षिणेला, म्हणजे अंटार्क्टिक कराराच्या हद्दीत. भारतातून निघणार असाल तर २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याप्रमाणे परवाना लागतो. साउथ जॉर्जिया त्या हद्दीबाहेर, तिथलं प्रशासन वेगळं आणि जैवसुरक्षेची तपासणी अतिशय कडक. कातडी, गवत भरलेले बूट, मातीचा कण अडकलेले जुने तळवे, हे सगळं आधी कळवावं लागेल, आणि काही गोष्टी नाकारल्या जातील. शॅकल्टनने किनाऱ्याला लागल्यावर अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची पिल्लं खाल्ली. तुम्ही त्यांच्या घरट्याजवळही जायचं नाही.

डोंगराचं थोडक्यात. तिघांकडे ५० फूट दोर, सुताराचा वाकस कुऱ्हाडीच्या जागी, आणि बुटांच्या तळव्यांना होडीतून काढलेले स्क्रू. तंबू नाही, पिशव्या नाहीत. वाट बघत थांबले ते हवा उघडण्याची, आणि नशीब असं की १९ मेच्या पहाटे तीनला निघाले तेव्हा पौर्णिमेला दोनच दिवस झाले होते. तुम्हीही चंद्राची तिथी जुळवा, पण त्यांची वाट जुळवू नका. शंभर वर्षांत तिथल्या हिमनद्या मागे सरल्यात, जिथे ते सरळ चालत गेले तिथे आज घळी आणि पाणी आहे. तीन माणसांना ५० फूट दोर ही तर माझ्या हिशेबाने उघडी चूक आहे. घळीत एक पडला तर त्याला ओढायला दोरच उरत नाही. वाकस न्या, स्क्रूचे बूट न्या, पण दोर आजचा आणि पुरेसा लांब न्या.

आणि स्ट्रोमनेसला पोचल्यावर व्यवस्थापकाच्या घराचं दार ठोठावतानाचं चित्रण करायचं असं तुमच्या पत्रात आहे. तो तळ आता मोडकळीला आलाय, हवेत ॲस्बेस्टॉस आहे, आणि २०० मीटरच्या आत जायला मनाई आहे. कॅमेऱ्यावाल्याला तेवढं आधीच सांगून ठेवा.